शुद्धतेची उलटतपासणी

पुणे–नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून उत्तरेस निघाले, की घोड नदीच्या काठी कळंब लागते. डिंभे धरणाच्या पाण्याने या टापूतील बरीच जमीन बागायत झाली आणि उसाचे पीक येथल्या संसाराचा मुख्य आधार बनले. आंबेगाव तालुक्यात पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आणि जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरला विघ्नहर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गाळपाचा हंगाम सुरू झाला, म्हणजे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या वजनकाट्यावर चढतात, आणि काट्याने किती टन दाखविले यावर शेतकऱ्याची सारी नजर खिळलेली असते. ते स्वाभाविकच आहे, कारण वजन डोळ्यांना दिसते, त्याची पावती हातात पडते आणि शंका आली तर तक्रारही करता येते. परंतु उसाचे मोल ठरविणारे दुसरे एक मापन त्याच आवारात, प्रयोगशाळेच्या भिंतींआड रात्रंदिवस चालू असते. उसाच्या रसात साखर किती आणि साखरेखेरीज इतर द्रव्ये किती, याचा फैसला तेथे वीस सेंटिमीटर लांबीच्या एका नळीत होतो. आणि ज्याच्या शेतातील तो ऊस असतो त्याला या फैसल्याची रीत बहुधा ठाऊक नसते. पदार्थाची शुद्धता म्हणजे काय आणि ती कशी पारखावी, हा विषय रसायनशास्त्राच्या पुस्तकातील एखादे कोरडे प्रकरण नसून आपल्या भाकरीशी, दुधाशी आणि औषधाशी जडलेला मामला आहे, हे सांगण्यासाठी या नळीपासूनच आरंभ करणे उचित होईल.

व्यवहारात आपण शुद्धतेचा संबंध शुभ्रतेशी, पारदर्शकतेशी, फार तर वासाशी आणि चवीशी लावतो. रसायनशास्त्राची दृष्टी याहून कठोर आहे. ज्या पदार्थातील सर्व रेणू एकाच जातीचे तो शुद्ध, ही त्याची व्याख्या. आणि ही व्याख्या अक्षरशः लावली, तर जगातील कोणत्याही बाटलीत संपूर्ण शुद्ध असा पदार्थ सापडणार नाही. नव्याण्णव टक्के शुद्ध म्हटलेल्या द्रव्याच्या एका किलोत दहा ग्रॅम काहीतरी वेगळे असते, आणि हे दहा ग्रॅम पाण्याचे आहेत की पाऱ्याचे, यावर त्या द्रव्याने माणूस तगेल की मरेल हे अवलंबून राहते. म्हणून शुद्धतेचा नुसता आकडा अपुरा असतो. कशाची शुद्धता, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या कसोटीने पाहिलेली, या तीन गोष्टींचा खुलासा झाल्याविना त्या आकड्याला अर्थ येत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील मिठाच्या उत्तम प्रतीच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचून पाहावी. मुख्य द्रव्याचे प्रमाण एका ओळीत सांगून ती थांबत नाही. ब्रोमाइड अमुक मर्यादेहून अधिक नाही, लोह अमुक मर्यादेहून अधिक नाही, जड धातू अमुक मर्यादेहून अधिक नाहीत, असा तपशील ती ओळीने देते. ज्या गोष्टींची तपासणी झाली तेवढ्यांचीच ती ग्वाही आहे. चिठ्ठीवर ज्याचे नाव नाही त्याविषयी ती बाटली मौन पाळते, आणि या मौनालाच आपण अनेकदा शुद्धतेचा दाखला समजून बसतो.

आता कारखान्याच्या प्रयोगशाळेकडे वळू. चरकातून निघालेल्या रसाचा नमुना उंच नळकांड्यात घेऊन त्यात काचेचा तरकाटा सोडतात. रस जितका दाट तितका तो काटा वर तरंगतो, आणि त्याच्या दांडीवरील खुणेवरून, तापमानाची दुरुस्ती करून, रसात विरघळलेल्या एकूण घन द्रव्यांचे शेकडा प्रमाण मिळते. यालाच ब्रिक्स म्हणतात. परंतु ब्रिक्सला साखर आणि क्षार यांतील भेद कळत नाही. जे विरघळले आहे त्या सर्वांस तो साखरच समजतो. तेव्हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रकाशाला विचारतात. साध्या प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांनी कंप पावतात. विशिष्ट लोलकातून गेल्यावर त्यांचे कंपन एकाच पातळीत उरते. असा प्रकाश साखरेच्या द्रावणातून नेला, तर ही पातळी उजवीकडे वळते, आणि साखर जितकी अधिक तितकी ती अधिक वळते. काही द्रव आणि द्रावणे प्रकाशाची पातळी अशी फिरवितात, हे ज्याँ बातिस्त बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८१५ च्या सुमारास ध्यानात आले, आणि त्या शोधातून साखर-उद्योगाला आपली मुख्य कसोटी लाभली. शुद्ध साखरेचे २६ ग्रॅम वजन घेऊन १०० मिलिलिटर द्रावण करावे, ते २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत भरावे, आणि पातळीचे हे वळण मोजणारे यंत्र जेथे थांबेल तेथे १०० ची खूण करावी, असा या मापनपट्टीचा शिरस्ता आहे. गढूळ रसातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून शिसेयुक्त क्षार टाकून गाळ खाली बसवावा, रस गाळून स्वच्छ करावा आणि मग नळी भरावी, ही पूर्वापार रीत. शिसे विषारी असल्याने त्याच्या जागी आता इतर द्रव्येही वापरतात. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी वाचन बिघडते. या वाचनावरून जे प्रमाण निघते त्यास पोल म्हणतात. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले, की रसाची शुद्धता मिळते. ब्रिक्स २० आणि पोल १७ आला, तर शुद्धता ८५. म्हणजे विरघळलेल्या शंभर भागांत पंच्याऐंशी भाग साखर आणि पंधरा भाग इतर द्रव्ये.

पुढे कारखान्यात जे काही घडते ते या पंधरा भागांना दूर सारण्यासाठीच. चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर देऊन रस निवळवितात, तो आटवून पाक करतात आणि निर्वात भांड्यात त्याचे स्फटिक पाडतात. स्फटिकीभवन ही निसर्गाने माणसाच्या हाती दिलेली शुद्धीकरणाची अत्यंत सुंदर युक्ती आहे. साखरेचा कण वाढत असताना आपल्या रचनेत नेमका बसणारा रेणूच तो सामावून घेतो. ज्याचा आकार वेगळा, त्याला त्या रांगेत जागा मिळत नाही आणि तो भोवतालच्या द्रवात मागे राहतो. म्हणून पंच्याऐंशी शुद्धतेच्या रसातून जवळजवळ ९९.८ टक्के शुद्ध साखर बाहेर पडते, आणि नाकारलेली सर्व द्रव्ये मळीत साठतात. तीनदा स्फटिक काढून झाल्यावर उरलेल्या मळीची शुद्धता तिसाच्या आसपास उतरते. तिच्यात साखर अजून असते, परंतु परकी द्रव्ये इतकी दाटलेली असतात, की ती साखर किफायतशीरपणे वेगळी होत नाही, आणि मळी आसवनीकडे रवाना होते. एक टन उसातून ११० किलो साखर पोत्यात पडली, तर उतारा ११ टक्के. रास्त व किफायतशीर दर, ज्याला गावोगाव एफआरपी म्हणतात, तो या उताऱ्याशी बांधलेला असल्याने रसाच्या शुद्धतेचा हिशेब अखेर शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत येऊन पोचतो.

येथवर सर्व सरळ वाटते; परंतु कसोटीचे खरे स्वरूप कळते ते ऊस शिळा झाल्यावर. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, की त्यातील साखरेचे रेणू फुटून त्यांपासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. या जोडीचे मिश्रण प्रकाशाला उजवीकडे न वळविता डावीकडे वळविते, त्यामुळे नष्ट झालेल्या साखरेहूनही पोल अधिक घटतो. त्याच वेळी शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वाढतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचे बुळबुळीत द्रव्य तयार करतात. हे डेक्स्ट्रान प्रकाशाला उजवीकडे वळविते, आणि तेही साखरेच्या जवळजवळ तिप्पट. समजा, रसात शेकडा १७ भाग साखर होती आणि त्यांतील एक भाग फुटला. प्रत्यक्ष साखर १६ उरली, परंतु यंत्र सुमारे १५.७ दाखवील. आता त्याच रसात केवळ ०.१ भाग डेक्स्ट्रान मिसळले, तर यंत्र पुन्हा १६ च्या जवळ येईल. दोन बिघाड झाले, एकाने दुसऱ्यास झाकले आणि वाचन बिनचूक भासले! यंत्राने येथे कसूर केलेली नाही. प्रकाश किती वळला, एवढेच त्याला विचारले होते आणि तेवढ्याचेच उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले. ‘साखर किती’ हा प्रश्न आपण मनाने त्यात घातला होता. क्लेर्जे या फ्रेंच रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यावर तोडगा काढला, तो असा : एकदा रस आहे तसा पाहावा, मग आम्लाने त्यातील साखर मुद्दाम फोडून पुन्हा पाहावा, आणि दोन वाचनांतील फरकावरून साखर काढावी. एका साक्षीवर विसंबण्याऐवजी त्याने त्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतली.

शुद्धता पारखण्याच्या सर्व थोर पद्धतींचे मर्म या उलटतपासणीत आहे. यूरिया आणि सिनॅमिक आम्ल हे दोन पांढरे पदार्थ घ्या. दोघेही १३३ अंश सेल्सियसच्या जवळपास वितळतात. केवळ वितळण्याच्या अंशावरून पाहणारा दोघांना एकच समजेल. परंतु दोघांची भुकटी समप्रमाणात खलून तापविली, तर ते मिश्रण शंभर अंशांच्या आसपासच लिबलिबीत होऊ लागते, कारण परके रेणू एकमेकांची स्फटिकरचना विस्कटून टाकतात. याच्या उलट, अज्ञात पदार्थ आणि खात्रीचा नमुना एकत्र खलूनही वितळण्याचा अंश ढळला नाही, तर दोघे एकच असल्याचा तो सबळ पुरावा होय. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्या हातून तर अशाच एका पडताळणीतून नवे मूलद्रव्य सापडले. हवेतून प्राणवायू वगैरे काढून टाकल्यावर उरलेल्या नायट्रोजनच्या एका लिटरचे वजन १.२५७२ ग्रॅम भरत असे, तर रासायनिक संयुगांतून मिळविलेल्या नायट्रोजनच्या एका लिटरचे सुमारे १.२५०५ ग्रॅम. तिसऱ्या दशांशस्थळावरचा हा फरक दुसऱ्या कोणी प्रयोगातील चूक म्हणून सोडून दिला असता. रॅली आणि विल्यम रॅम्झे यांनी तो सोडला नाही, आणि १८९४ साली हवेतील आरगॉन जगापुढे आला. शेकडो प्रयोगांत शुद्ध नायट्रोजन म्हणून वापरलेल्या वायूत शेकड्याला एक भागाहून अधिक एक परका वायू तोवर बिनबोभाट राहत होता, कारण त्याच्याविषयी प्रश्नच कोणी केला नव्हता.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत महाराष्ट्रातील द्राक्ष-बागायतदारांनी रोख मोजली आहे. जुन्नरच्या, नाशिकच्या, सांगलीच्या द्राक्षांना युरोपची बाजारपेठ मिळाली. परंतु तेथील कायदा फळावरील कीडनाशकांचा अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतो. म्हणून पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात प्रमाणभूत प्रयोगशाळा उभारली गेली आणि निर्यातीच्या प्रत्येक बागेचे नमुने ठरावीक यादीनुसार तपासण्याची व्यवस्था झाली. ती व्यवस्था परिश्रमपूर्वक चालली होती. तरीही २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे वेलीची शेंडेवाढ रोखण्यासाठी बागायतदार ज्याला सीसीसी म्हणून ओळखतात ते संजीवक, मर्यादेबाहेर आढळले, कंटेनर अडले आणि निर्यातदार व शेतकरी यांना जबर फटका बसला. त्या द्रव्याचे नाव आपल्याकडील तपासणीच्या यादीत नव्हते. शिवाय त्याचा रेणू विद्युतभारित असल्यामुळे अनेक कीडनाशके एका झटक्यात पकडणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत तो सहसा हाती लागत नाही; त्याच्यासाठी स्वतंत्र पद्धत योजावी लागते. शेकडो नावांपुढे ‘आढळले नाही’ असा शेरा असलेला अहवाल अक्षरशः खरा असू शकतो आणि तरीही माल परत येऊ शकतो, हा धडा त्या वर्षाने शिकविला.

कसोटीतील ही फट जेव्हा लोभी माणसाच्या ध्यानात येते, तेव्हा मामला अधिक भीषण होतो. दुधातील प्रथिने मोजण्याच्या जुन्या आणि सर्वमान्य पद्धतीत वस्तुतः नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडतात. पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजनने भरलेले मेलामाइन मिसळले, तर कागदावर दूध सकस ठरते. चीनमध्ये २००८ साली हेच घडले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. आपल्या गावोगावच्या संकलन केंद्रांवर लॅक्टोमीटर केवळ घनता सांगतो, आणि पाण्याने उतरलेली घनता साखर किंवा यूरिया घालून पुन्हा चढविता येते; म्हणूनच फॅट आणि इतर घन पदार्थ यांच्या मापनासोबत यूरिया, साखर, मीठ यांच्या निराळ्या चाचण्या घेणे हा डोळ्यांत तेल घालून पाळण्याचा नियम आहे.

परंतु या विषयावर महाराष्ट्रात लिहिताना ज्या घटनेपाशी लेखणी थांबलीच पाहिजे, ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथे चौदा रुग्ण मृत्यू पावले. मेंदूतील किंवा डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठी त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. त्यानंतर त्यांची लघवी थांबली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. त्या ग्लिसरीनमध्ये साडेअठरा टक्क्यांच्या आसपास डायइथिलीन ग्लायकॉल होते. ग्लिसरीन रंगहीन, दाट आणि गोडसर; डायइथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाटसर आणि गोडसर; पहिले औषध आणि दुसरे मूत्रपिंडांचा घात करणारे विष. डोळा, नाक आणि जीभ यांपैकी कोणीही येथे सावध करीत नाही. घनताही पुरती सावध करीत नाही : शुद्ध ग्लिसरीनची घनता १.२६ आणि ग्लायकॉलची १.१२ असल्याने अशा मिश्रणाची घनता १.२३ च्या पुढेमागे येते, आणि ग्लिसरीनमध्ये दहा टक्के निरुपद्रवी पाणी असले तरी ती जवळजवळ तेवढीच येते. यासाठी मिश्रणातील घटकांना धावायला लावून वेगवेगळ्या वेळी टोकाला पोचविणारी वर्णलेखनाची, म्हणजे प्रयोगशाळेतील मंडळी जिला क्रोमॅटोग्राफी म्हणतात ती, पद्धत हवी. आणि त्याआधी ‘यात ग्लायकॉल आहे काय’ असा रोखठोक प्रश्न विचारणारा माणूस हवा. हा प्रश्न सुचणे दुर्घट नव्हते. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्यात कालविलेल्या एका औषधाने शंभरांवर माणसे मारली होती आणि त्यातूनच तेथील १९३८ चा औषधकायदा जन्मला होता. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने जे. जे. प्रकरणाचा छडा लावला, तेव्हा औद्योगिक वापराचे ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात कसे शिरले आणि खरेदीपासून औषध-नियंत्रणापर्यंत किती ठिकाणी बेफिकिरी व भ्रष्टता माजली होती, हे उघडे पडले. औषधी ग्लिसरीनमध्ये या विषाचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक नसावे आणि त्याची तपासणी स्वतंत्रपणे करावी, असा दंडक पुढे प्रमुख औषधकोशांत आला. त्या एका ओळीच्या मागे अनेक देशांतील मृतांची रांग उभी आहे, हे ती ओळ वाचणाऱ्याने विसरू नये.

याचा अर्थ प्रत्येक पदार्थ परमशुद्ध असावा असा मुळीच नाही. गुळातील क्षार आणि रंगद्रव्ये साखर-कारखान्याच्या हिशेबी अशुद्धीच होत, परंतु गुळाचा रंग, वास आणि स्वाद त्यांच्यामुळेच आहे. ती काढून टाकली तर गूळ उरणारच नाही. कामापुरती शुद्धता ठरविणे हे शहाणपण आहे, आणि ती ठरविल्यावर तिच्याशी इमान राखणे ही नीती आहे. शास्त्राचे काम पहिल्यापाशी संपते. दुसऱ्यासाठी समाज जागा असावा लागतो.

आणि येथे सामान्य माणूस वाटतो तितका निःशस्त्र नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २६ अन्वये विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून शुल्क भरून तपासून घेण्याचा अधिकार ग्राहकास आहे, आणि अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ४० अन्वये खाद्यपदार्थांविषयीही तसाच अधिकार त्याला आहे. हा अधिकार वापरताना नमुना कसा घेतला, कोणकोणत्या गोष्टी तपासल्या, कोणत्या पद्धतीने तपासल्या आणि काय तपासले नाही, असे चार प्रश्न विचारण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. काट्यावरील वजन डोळ्यांत तेल घालून पाहणारा शेतकरी हे प्रश्न सहज विचारू शकतो. उताऱ्याचा आकडा ऐकताना, दुधाची पावती घेताना, औषधाची बाटली उघडताना ते विचारले जाऊ लागले, तर कारखान्याच्या केमिस्टला, दूध संघाला आणि औषध-निरीक्षकाला त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतील. लेंटिन आयोगाला चौदा मृत्यूंनंतर जे प्रश्न विचारावे लागले ते सर्व रुग्णालयाच्या खरेदीखात्यात माल उतरण्यापूर्वी विचारता येण्याजोगे होते.